नुसतं बोलून दारू सुटते का? (गटारीच्या आधी उत्तर हवं आहे)

ऐरोलीकरीण

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय. खरं नाव देत नाही, आमच्या सोसायटीतले निम्मे लोक इथंच पडीक असतात.

नवरा रबाळ्याला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, शिफ्टची नोकरी. पूर्वी शनिवारी मित्रांबरोबर बसायचे, तेवढंच. लॉकडाउननंतर रोजचं झालं. सेकंड शिफ्ट सुटली की येताना क्वार्टर आणायची आणि घरी बाल्कनीत बसून संपवायची. आता क्वार्टरची हाफ झाली आहे. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, पगारही बराचसा घरात येतो. पण मुलगी दहावीला आहे. बाबांची बाइक खाली वाजली की ती पुस्तकं उचलून आतल्या खोलीत जाते आणि कडी लावते.

विषय काढला की उत्तर ठरलेलं: "मी काय बेवडा आहे? श्रावण पाळतो की नाही?" आणि खरंच पाळतात. गटारीला शेवटची, मग थेट गणपती गेल्यावर. फक्त गेल्या वर्षी श्रावणाचे पहिले तीन दिवस काही खरं नव्हतं. अंथरूण घामानं भिजायचं, रात्रभर टक्क जागे, सकाळी चहाचा कप बशीवर वाजायचा. म्हणाले, व्हायरल असेल.

घरच्यांनी दोन उपाय काढलेत. सासूबाईंनी गावाकडून एक पुडी आणली आहे, चहातून गुपचूप द्यायची. दीर दिव्याला राहतात, त्यांनी एक केंद्र शोधलंय. रात्री गाडी घेऊन चार माणसं येतात आणि उचलून नेतात. तीन महिने फोन नाही, भेट नाही, पैसे आगाऊ. दीर म्हणतात, "वहिनी, तुम्ही फक्त दार उघडा."

ऑफिसातली मैत्रीण म्हणते समुपदेशकाकडे जा. माझा सरळ प्रश्न आहे. नुसतं बोलून दारू सुटते का? तिथं नेमकं करतात काय? आणि माणूस यायलाच तयार नसेल तर ते बोलणार कोणाशी? गटारी पुढच्या आठवड्यात आहे.

माळकरी

ताई, आमच्या थोरल्या काकांनी पंढरपूरला माळ घातली, त्या दिवसापासून थेंब नाही. डॉक्टर नाही, गोळी नाही. भावाला एकदा वारीला पाठवा. पुडीबिडी मात्र नको, आमच्या गावात एकाला भलतंच झालं होतं.

रात्रपाळीचा डॉक्टर

बाकी सगळं नंतर. आधी त्या चहाच्या कपाबद्दल बोलू.

रोज पिणाऱ्याचा मेंदू दारू धरूनच स्वतःला जुळवून घेतो. ती एकदम काढली की तो खवळतो. थरथर, घाम, झोप न येणं हे पहिल्या दिवसापासून. फिट येण्याचा धोका साधारण शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत. काही जणांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, कुठे आहोत ते कळत नाही. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार वेळेत झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. गेल्या वर्षी तुमच्याकडे झालं ते व्हायरल नव्हतं, विड्रॉल होता, म्हणजे दारू तुटल्याचा त्रास. बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं, असं जितक्या वेळा होतं तितका पुढचा विड्रॉल जोरात येऊ शकतो. त्यात यंदा क्वार्टरच्या जागी हाफ आहे.

म्हणून गटारीच्या दुसऱ्या दिवशी एकदम बंद, हे यंदा डॉक्टरला दाखवल्याशिवाय करू देऊ नका. कोणी डॉक्टर हे लिहील असं तुम्हाला वाटलं नसेल. क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी रोज थोडी थोडी कमी करत देतात, सोबत थायमिन म्हणजे बी-१. आठवडाभराचा मामला असतो. पुष्कळ जणांचं घरी राहून होतं. पूर्वी फिट आली असेल, लिव्हर बिघडलं असेल किंवा घरात लक्ष ठेवायला कोणी नसेल तर दाखल करतात.

पुडीत काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे. ते पोटात असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड सुरू होते, रक्तदाब कोसळू शकतो. ज्याला माहीत आहे तो दारूला शिवत नाही, औषधाचं काम तेवढंच. चोरून दिलं तर तो नेहमीसारखी हाफ मारणार आणि पुढचं तुम्ही निस्तरणार.

ओपीडीतली ताई

ठाण्यात एका मानसोपचार ओपीडीत समुपदेशक आहे. वरच्या डॉक्टरांशी पूर्ण सहमत. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

दिरांना आधी सांगा, दार उघडणार नाही. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ चा, २०१८ पासून लागू आहे. त्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रासही येतात. इच्छेविरुद्ध दाखल करायचं असेल तर दोन जणांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. शिवाय स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे किंवा माणूस स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही, असं काही गंभीर असावं लागतं. बाल्कनीत हाफ पिणारा आणि सकाळी ड्यूटीला जाणारा माणूस त्यात बसत नाही. केंद्राची सरकारदरबारी नोंदणी लागते. दाखल माणसाला फोन करायचा, भेटायचा हक्क आहे. तीन महिने भेट नाही असं जो छातीठोकपणे सांगतो, त्याच्याकडे नोंदणीचा कागद मागा आणि चेहरा बघा.

आता "नुसतं बोलून". उपदेशानं सुटत नाही. तो त्यांनी आईकडून, तुमच्याकडून, बहुतेक सुपरवायझरकडूनही ऐकून झालाय. त्यांना आता तुमची वाक्यं पाठ असतील.

माझ्याकडे पहिल्या भेटीत माणूस हाताची घडी घालून बसतो. मी विचारते, दारूनं काय बरं वाटतं? तो दचकतो, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. मग सांगतो: शिफ्ट संपली तरी डोक्यात मशिनचा आवाज चालू असतो, दोन पेगनंतर तो बंद होतो. बरं, आणि काय आवडत नाही? इथं तो स्वतःच पोरीचं नाव घेतो. मी घेत नाही. मग विचारते, शून्य ते दहात सांगा, कमी करणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? म्हणतो, चार. आपल्या जिभेवर लगेच येतं, "चारच का?" ते गिळायचं आणि विचारायचं, "चार कसे? एक का नाही म्हणालात?" मग पुढची पाच मिनिटं तो माणूस दारू का कमी करायला हवी याची कारणं मला देतो. तीच कारणं तुम्ही दिली असतीत तर त्यानं एकेक खोडून काढलं असतं. या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. विल्यम मिलर यांनी १९८३ साली ती पहिल्यांदा लिहिली, पुढं स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर वाढवली. ऐकायला सोपी वाटते. मला अजूनही रोज जीभ चावावी लागते.

आणि यायलाच तयार नसेल तर? मग तुम्ही या. खरंच. रॉबर्ट मेयर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं घरच्यांसाठी एक पद्धत बांधली, तिचं नाव क्राफ्ट. १९९९ साली तिचा एक अभ्यास छापून आला. उपचारांना नकार देणाऱ्या माणसांचे १३० नातेवाईक घेतले आणि तीन गट केले. घरच्यांनी मिळून समोरासमोर ठणकावायचं असं शिकवलेल्या गटात ३० टक्के पिणारे उपचारांना आले. फक्त स्वतःला सांभाळा, त्याला बदलायचा नाद सोडा, असं सांगितलेल्या गटात १३ टक्के. क्राफ्टच्या गटात ६४. तोवर पिणाऱ्याला कोणी भेटलंही नव्हतं. बदल झाला तो घरात.

तुमच्या घरात तो असा दिसेल. सकाळी हँगओव्हर असला तर कंपनीत "ताप आहे" असा फोन तुम्ही करायचा नाही. त्यांचा फोन, त्यांचा साहेब. बाल्कनीतले ग्लास, चखण्याची पाकिटं तुम्ही उचलायची नाहीत. ज्या दिवशी न घेता येतील त्या दिवशी मात्र घर वेगळं वाटलं पाहिजे. गरम जेवण, तुम्ही समोर बसलेल्या, टीव्हीवर त्यांची मॅच. आणि तोंडानं सांगायचं, "आज असे आलात, बरं वाटलं." घेऊन आले तर भांडण नाही, सेवा पण नाही. "आज तुम्ही घेतलीय, मी झोपते, सकाळी बोलू," एवढं बोलायचं आणि खरंच आत जायचं. रात्री बाराला केलेलं भाषण कोणाच्याही कामाचं नसतं, पडदे हलवून शेजारीण ऐकते तेवढंच.

बायका इथं चिडतात. "म्हणजे आता मी लाड करू?" लाड दारूच्या दिवशी नाहीतच. आजवर उलट चालू असतं. प्यायलेल्या रात्री सगळं घर त्याच्याभोवती फिरतं, आणि न पिता आलेल्या रात्री त्याला कोणी विचारत नाही, कारण सगळे दमून झोपलेले असतात.

एक सक्त अट. मारहाण असेल, तिची भीती असेल तर यातलं काहीही घरी करून बघू नका. आधी सुरक्षित जागा, १८१ ही महिलांची हेल्पलाइन. तुम्ही नाही म्हटलंय, तरी एकदा एकट्या बसून स्वतःला विचारा.

आणि ताई, तुमच्या हातात श्रावण आहे. ते स्वतःहून थांबणारच आहेत, म्हणजे अर्धं काम त्यांनीच केलंय. "मग रोज का नाही थांबत" असा टोमणा मारून ते वाया घालवू नका. दारूचं नावच काढू नका. सकाळच्या वेळी, सुट्टी असेल तेव्हा, दोन वाक्यं बोला: "गेल्या वर्षी पहिले तीन दिवस तुम्हाला फार त्रास झाला, मला बघवलं नाही. यंदा त्या तीन दिवसांसाठी आधीच डॉक्टरला विचारू या का?" झोप, घाम, थरथर, हा त्यांचा स्वतःचा त्रास आहे, तो मान्य करायला अभिमान आड येत नाही. एकदा आत आले की पुढचं आमचं.

कुठं जायचं: ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची (१९०१ पासूनचं आहे) ओपीडी, तुमच्या महापालिकेचं रुग्णालय किंवा खासगी मानसोपचारतज्ज्ञ. फोनवर बोलायचं तर नशामुक्तीची हेल्पलाइन १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६.

माळकरी दादा, तुमच्या काकांवर माझा पूर्ण विश्वास आहे. गावासमोर घेतलेला शब्द, रोजचा नेम, संध्याकाळी भजनाला बसायला नवी माणसं. आम्ही ओपीडीत हेच तीन धागे जुळवायला बघतो. फक्त माळ ज्याची त्यानं घालायची असते, बायकोनं गळ्यात घालून चालत नाही.

टोळीवाला

राम राम. मी कोपरखैरण्यात राहतो, एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. बरीच वर्षं झाली, घेत नाही. ताईंनी वरून सांगितलं, मी आतून सांगतो तिथं काय करतात.

पहिलं काम वहीचं. आमच्या समुपदेशक सरांनी रेघा मारून कागद दिला. किती वाजता, कुठं, कोण होतं, त्याच्या आधी काय झालं, किती घेतली, नंतर काय झालं. दारू बंद करा म्हणाले नाहीत, लिहा म्हणाले. मला वाटायचं आपण पगाराच्या दिवशी आणि घरी भांडण झालं की जास्त घेतो. वही भरल्यावर बघतो तर तसं नव्हतंच. सगळ्यात जास्त कधी, तर गाडी आली नाही त्या दिवशी. अकरा वाजता हात रिकामे, टोळी पोत्यांवर बसलेली, कोणीतरी म्हणणार "चला जरा." दमून नाही, रिकामा बसून प्यायचो मी. हे मला स्वतःला माहीत नव्हतं, बायकोला तर कुठून असणार.

मग त्याच वेळेचा बंदोबस्त केला. गाडी नसली की मार्केटात थांबायचंच नाही. तुर्भे स्टेशनकडं चालत जायची सवय होती, वाटेत देशीचं दुकान. तो रस्ता सोडला, गेटवरनंच बस धरायची. खिशात सुट्ट्या पैशांपलीकडं काही नाही.

दुसरं लई मजेशीर. नाही म्हणायची प्रॅक्टिस. सर खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि आमचे मुकादम झाले. "काय रं, बायकोनं बांगड्या भरल्या का?" मी म्हणालो, "नाय वो, गोळ्या चालू हायत." लगेच सर म्हणाले, "किती दिवसाच्या? संपल्यावर बसू मग." मी गप्प. पुन्हा केलं. "उपास आहे." "उद्या सुटंल ना?" असं दोन-तीनदा मला चीत केल्यावर त्यांनी सांगितलं, कारण द्यायचंच नाही. कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो. डोळ्यात बघायचं, लगेच बोलायचं, हसत: "नाही, मी घेत नाही. चहा सांगा." आणि पुढचं वाक्य दुसऱ्या विषयाचं. "लोणंदची गाडी कधी लागणार?" मुकादम गाडीवर बोलायला लागतो. मार्केटात पहिल्यांदा वापरलं तेव्हा खरा मुकादम एवढंच म्हणाला, "बरं, चहा तर चहा." मी उगाच एवढा घाबरून होतो.

तिसरं तलफेचं. तलफ आली की वाटतं आता ही वाढतच जाणार, घेतल्याशिवाय थांबायची नाही. सर म्हणाले, घड्याळ लावा आणि बघत बसा. वीस-तीस मिनिटांत उतरते. उतरते म्हणजे उतरतेच, मी बघितलंय. तेवढ्या वेळात पोटात काहीतरी ढकलायचं, कोणाशी तरी बोलायचं. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांत आपण कशात आहोत ते विचारायचं. माझी निम्मी तलफ वडापाव खाल्ला की जायची.

बाकी मीटिंगला जातो. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. १९३५ला अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनीच सुरू केली, एक डॉक्टर होता. मराठीत चालते, पैसे नाहीत, आडनाव विचारत नाहीत. घरच्यांसाठी वेगळी असते, अॅल-अॅनॉन. ताई, तुम्ही तिथं आधी जाऊन बसलात तरी चालेल.

शंकासुर

सगळं वाचायला छान. पण यशाचं प्रमाण किती ते कोणीच लिहीत नाही. माझा चुलतभाऊ दोनदा केंद्रात राहून आला, दोन्ही वेळा बाहेर आल्यावर सुरू. वहीत रेघा मारून दारू सुटत असती तर देशात एवढी दारू खपली असती का?

ओपीडीतली ताई

शंकासुर, रेघांपर्यंत पोचतात किती, हे आधी बघा. २०१९ साली एम्सच्या केंद्रानं देशभरचं सर्वेक्षण सरकारला दिलं. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकाला कसले ना कसले उपचार मिळाले होते. बाकीच्या ३७ जणांच्या घरी पुडी, शपथ आणि भांडण.

आकडे हवेत तर देते. अमेरिकेत प्रोजेक्ट मॅच नावाचा अभ्यास झाला, १९९७ मध्ये निकाल आले, १,७२६ रुग्ण. एका गटाला टोळीवाल्या दादांसारखी वही आणि सराव, म्हणजे विचार-वर्तन उपचार, सीबीटी. दुसऱ्याला मी लिहिली तशा मुलाखतींच्या चार भेटी. तिसऱ्याला अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांच्या वाटेनं नेणारे. कोणाला काय लागू पडेल हे शोधायचं होतं, ते फारसं सापडलं नाही. तिन्ही गटांचं पिणं बरंच उतरलं आणि जवळपास सारखंच उतरलं. म्हणून मी पद्धतीवरून भांडत नाही. ज्या दारातून माणूस आत येईल ते दार.

आपल्याकडचा दाखला गोव्याचा. संगाथ या संस्थेनं तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्रासदायक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांबरोबर काम केलं. समुपदेशक कोण, तर प्रशिक्षण दिलेली साधी माणसं, मानसशास्त्राची पदवी नसलेली. फार तर चार भेटी. तीन महिन्यांनी बघितलं तर समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, नेहमीच्या उपचारांच्या गटात २६. २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दहा टक्क्यांचा फरक बघून तुम्ही हसाल. चार भेटींत आणि एवढ्या कमी खर्चात दहा टक्के मला तरी पुष्कळ वाटतात. पण हेही सांगते, तो प्रयोग हाताला थरथर सुटण्याइतक्या पुढं गेलेल्यांसाठी नव्हता. ऐरोलीच्या ताईंकडे बोलण्याआधी गोळी हवी.

तुमच्या भावाचं. केंद्रात असताना दारू सुटणं सोपं असतं, कारण तिथं ती नसते. अवघड असतं कोपऱ्यावरच्या वाईन शॉपसमोरून रोज घरी येणं. अॅलन मार्लाट नावाच्या मानसशास्त्रज्ञानं घसरणीचा हिशेब मांडला. सुमारे तीन चतुर्थांश घसरणी तीनच ठिकाणी झाल्या होत्या: मन खराब असताना, कोणाशी खटका उडाल्यावर आणि मित्रांच्या आग्रहानं. म्हणजे ठिकाणं आधी माहीत असतात, तयारी करता येते. त्यानं आणखी एक गोष्ट दाखवली. एक पेग झाला की माणूस म्हणतो, "गेलं सगळं, आता खंबाच आणू." पहिला पेग जेवढं नुकसान करत नाही तेवढं हे वाक्य करतं. आम्ही घसरण होण्याआधीच विचारून ठेवतो, घसरलात तर पहिला फोन कोणाला? नंबर कागदावर, कागद पाकिटात. तुमच्या भावाला केंद्रातून निघताना असं काही दिलं होतं का? पुढच्या भेटीची तारीख तरी?

केंद्रंही सगळी सारखी नसतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, डॉ. अनिता अवचट यांनी उभं केलं. तिथला कार्यक्रम ३५ दिवसांचा आणि नंतरचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग. माझं स्वतःचं मत विचाराल तर तीन महिने कोंडलेल्यापेक्षा सहा महिने दर आठवड्याला लोकल पकडून येणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो.

ऐरोलीकरीण

सगळ्यांचे आभार, प्रत्येक उत्तर कितीदा तरी वाचलं. पुडी कपाटात कुलपात आहे. दिरांना नाही म्हणून सांगितलं, ते रुसलेत.

काल त्यांना सुट्टी होती. चहानंतर ताईंचं वाक्य जसंच्या तसं बोलले, आवाज थोडा कापला. ते पेपर वाचत होते, वर बघितलं नाही. म्हणाले, "झोपेची गोळी देतात का ते?" मी म्हटलं विचारू. म्हणाले, "बघू." मी तिथंच थांबले, नेहमी पुढं अजून दहा वाक्यं बोलले असते. संध्याकाळी भाजी आणायला गेलो तर सेक्टरच्या नाक्यावर स्वतःच विचारलं, "कुठं आहे तो डॉक्टर? ऐरोलीत नको." ठाण्यात वेळ घेतली आहे, गटारीच्या दोन दिवस आधीची. त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट आहे, साडेचारची ठाणे लोकल धरू.

अजून प्रश्न आहेत. मी बरोबर जावं का? खरी मात्रा डॉक्टरला मी सांगू का, ते क्वार्टरच सांगतील. मुलगी म्हणते, मी बाटल्यांवर खुणा करून ठेवते, म्हणजे किती घेतली ते कळेल. आणि महिनाभर नाही घेतली तर बाबांना काहीतरी बक्षीस द्यायचं का, असंही तीच विचारते.

ओपीडीतली ताई

"मी तिथंच थांबले" हे वाक्य मी ओपीडीत वापरणार आहे, परवानगी द्या.

बरोबर जा. पण आत आधी ते एकटे जाऊ देत. तुम्ही बाहेर बसा, बोलावलं की या. मात्रेबद्दल डॉक्टरांसमोर "खोटं बोलताय" नको. निघायच्या आधी घरीच त्यांना सांगा, "गोळी किती द्यायची ते आकड्यावरून ठरतं, कमी सांगितलंत तर रात्री तुम्हालाच त्रास होईल." माणूस तब्येतीसाठी खरं सांगतो, बायकोसाठी सांगेलच असं नाही.

मुलीला बाटल्यांपासून लांब ठेवा. खुणा, वास घेणं, मोजणं, काही नाही. तिला पहारेकरी केलंत तर दारू सुटल्यावरही ती त्यांच्याकडे संशयानंच बघत राहील. तिचं दहावीचं वर्ष आहे, तिला कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ तिच्यासाठीही आहे.

बक्षिसाचा विचार मात्र पोरीनं बरोबर केलाय. बक्षिसावर उभा असलेला एक उपचारच आहे. नॅन्सी पेट्री या संशोधक एका काचेच्या भांड्यात चिठ्ठ्या ठेवायच्या. श्वासाची तपासणी स्वच्छ आली की चिठ्ठी काढायची. बऱ्याचशा चिठ्ठ्यांवर नुसती शाबासकी, काहींवर छोटी वस्तू, एखादीवर मोठं बक्षीस. मोठी कर्तीसवरती माणसं त्या चिठ्ठीसाठी दर आठवड्याला यायची. पण महिन्यानंतरचं बक्षीस फार लांबचं आहे. लहान, लगेच, आणि त्याच दिवशीचं हवं. न घेता आले तर रात्री तिघांनी जाऊन आइस्क्रीम. पैशाचं नको, नवी बाइक तर मुळीच नको.

आणि गणपतीची आताच आखणी करा. श्रावण ते पाळतीलच, धोका विसर्जनानंतर आहे. पुढची वेळ विसर्जनाच्या आदल्या आठवड्यातली घेऊन ठेवा.

रात्रपाळीचा डॉक्टर

दोन ओळी. भेटीच्या दिवशी सकाळपासून उपाशी राहून, दारू थांबवून "चांगलं दिसायला" येऊ नका, लोक तसं करतात आणि लोकलमध्येच थरथरायला लागतात. शेवटची कधी आणि किती घेतली ते कागदावर लिहून आणा. चालू गोळ्या, जुने रिपोर्ट असतील तर तेही. त्याआधी फिट आली, असंबद्ध बोलायला लागले किंवा ताप चढला तर वेळेची वाट न बघता थेट जवळचं रुग्णालय, रात्र असली तरी.

टोळीवाला

वहिनी, भावांना कधी मीटिंगला यावंसं वाटलं तर इथं लिहा. कोपरखैरणे स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी थांबतो. पहिल्यांदा एकट्यानं आत जायला माणूस कचरतो. बोलायची सक्ती नाही, मागच्या खुर्चीवर बसून चहा घेतला तरी कोणी काही म्हणत नाही.